खुनी सतराव्या पानावर

शालिमारहून नाशिकरोडची बस सुटली की पहिल्या पाच पानांत खून पडतो. सारडा सर्कलला प्रेत सापडतं. द्वारकेच्या चौकात बस अडकली की इन्स्पेक्टर बंगल्यावर येतो, माळ्यापासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांचे जबाब घेतो, चहा पिऊन निघून जातो, आणि बस अजून तिथेच असते. मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता जिथे फुटतो त्या या चौकात डोक्यावर उड्डाणपूल येऊनही खाली जी कोंडी होते, तिला सगळं नाशिक शिव्या घालतं. एक काका सोडून. बस हलली की ते कपाळाला आठी घालून वर बघतात. ऐन उलटतपासणीत ड्रायव्हरने गाडी काढलेली त्यांना खपत नाही.

असे काका या भागात एकच आहेत असं कोणी समजू नये. काठे गल्लीत आहेत, टाकळी रोडला आहेत, वडाळा नाक्याच्या बाजूनेही येतात. वय साठीच्या पुढे, पेन्शन सुरू, नोकरी बहुतेक वेळा प्रेसमध्ये झालेली. (नाशिकमध्ये ‘प्रेसमध्ये होतो’ म्हटलं की कोणी पत्रकार समजत नाही. गृहस्थाने आयुष्यभर नोटा नाहीतर स्टॅम्प छापले, हे पोरासोरांनाही कळतं.) खिशाला पेन्सिल. पेन नाही, कारण पुस्तक लायब्ररीचं असतं आणि काका कायदा मानणारे आहेत. कॉलनीत त्यांना माघारी ‘सीआयडी’ म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे, आणि आवडतं.

मात्र काकांना ‘तुम्ही रहस्यकथा वाचता ना?’ असं विचारू नये. ते वाचत नाहीत, अभ्यास करतात.

या अभ्यासामागे जुनी जखम आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही मंडळी महाराष्ट्राच्या घराघरांत वावरली, पण उजळ माथ्याने एकाही दारातून आत शिरली नाहीत. भूगोलाच्या पुस्तकात दडून, गादीखालून, न्हाणीघरातल्या बंबामागून त्यांचा प्रवास झाला. काका शाळेत असताना झुंजार सापडला की वडील आधी मुलाला बदडत आणि मग जप्त केलेला मुद्देमाल स्वतः रात्री वाचून काढत. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन आले. चोरून वाचण्याची रीत तीच राहिली. शिरवळकरांच्याच ‘दुनियादारी’वर डोळे पुसणाऱ्या आजच्या पोरांना दारा बुलंद ठाऊक नसतो, आणि या एका कारणावरून काकांनी आख्ख्या पिढीला नापास केलं आहे. नोकरीत असताना ‘पोलीस टाइम्स’ घेतला तरी तो दैनिक ‘गावकरी’च्या घडीत घालून घरी यायचा. आजही काकांची सभासदत्वं दोन आहेत. १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयातून, म्हणजे सावानातून, चरित्रं आणि वैचारिक येतं. खून गल्लीतल्या लायब्ररीतून येतात.

अलीकडे मात्र दिवस पालटले. ‘सत्य घटनेवर आधारित’ ही चार अक्षरांची नव्हे, चांगली तीन शब्दांची पाटी मुखपृष्ठावर आली आणि काका एका रात्रीत प्रतिष्ठित झाले. मानवतच्या १९७२ ते १९७४ मधल्या हत्यांवर २०२४ साली मालिका आली तेव्हा सुनेने स्वतः हाक मारली, ‘बाबा, तुमचं लागलंय.’ साठ वर्षं लपवलेलं व्यसन दिवाणखान्यात, सहकुटुंब, भजी खात! काकांना भरून आलं. मग त्यांनी पहिल्याच भागात सगळ्यांना सांगायला सुरुवात केली की हा तपास करणारे रमाकांत कुलकर्णी म्हणजे १९६८ च्या रामन राघव प्रकरणातलेच, त्यांच्या आठवणींचं पुस्तक आहे, आणि खरा तपास म्हणजे खबरी, जबाब आणि पायपीट. तिसऱ्या भागापासून सूनबाई आपल्या खोलीत हेडफोन लावून बघू लागली.

काकांचं खरं लेखन मात्र समासात आहे. गल्लीतल्या लायब्ररीतलं कुठलंही जुनं पुस्तक उघडावं. कव्हर खाकी, कडा कुरतडलेल्या, मधेच कुणाच्या तरी वरणाचा डाग. सतराव्या पानावर, डॉक्टर पहिल्यांदा पायऱ्या चढून येतो त्या ओळीशेजारी, बारीक पेन्सिलीने लिहिलेलं असतं: ‘खुनी हाच.’ त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात: ‘मी बाराव्या पानावर ओळखलं.’ त्याखाली तिसरा: ‘बाराव्या पानावर डॉक्टर आलेलाच नाही. थापा मारू नये.’ पुढे चाळीसाव्या पानावर पहिला इसम पुन्हा हजर: ‘पोलीस झोपले होते काय?’ साठावर: ‘आर्सेनिक इतक्या झटपट काम करत नाही.’ शंभरावर नुसतं: ‘बावळट.’ हा शेरा नायकाला आहे, लेखकाला की पान बारावाल्याला, हे कळायला मार्ग नाही. मराठीत रहस्यकथेची समीक्षा फार झाली नाही अशी तक्रार विद्वान करतात. त्यांनी या लायब्ऱ्या पाहिलेल्या नसाव्यात.

खुनी आधीच सांगून टाकणाऱ्याला काय शिक्षा असावी, यावर काकांचं मत कडक आहे. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं ‘माउसट्रॅप’ १९५२ पासून चालू आहे आणि खुनी कोण ते बाहेर बोलू नका अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते, हा दाखला ते नेहमी देतात. दाखला देऊन झाल्यावर खुनी कोण तेही सांगतात. ‘तुम्ही काय लंडनला जाणार आहात?’

नियमांवर त्यांचं प्रेम आहे. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ साली या धंद्यासाठी दहा नियम घालून दिले. भुताखेतांचा आधार घ्यायचा नाही. आजवर कुणाला माहीत नसलेलं विष वापरायचं नाही. गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. या शेवटच्या कलमावर काका द्वारकेच्या चौकात थांबून प्रात्यक्षिक देतात. इथे पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला, आणि लोक वर्षानुवर्षं ट्रकच्या तोंडासमोरूनच रस्ता ओलांडत राहिले. ‘सगळ्यांना ठाऊक असून कोणी पाऊल न टाकलेलं भुयार,’ काका म्हणतात, ‘नॉक्ससाहेबाला सुचलं नसतं.’ वेषांतरावरही त्यांचा विश्वास उडाला आहे. काळापहाड मुंबईत होता म्हणून निभावलं. इथे दाढी चिकटवून चौकात उभं राहिलं तर पहिलाच रिक्षावाला विचारेल, ‘काय काका, गॅदरिंग आहे का?’

काकू वेगळ्या पंथाच्या. त्या शेवटचं पान आधी वाचतात. ‘कोण मेलं आणि कोणी मारलं ते एकदा कळलं की मग बाकीचं निवांत वाचता येतं,’ असं त्यांचं म्हणणं, आणि काकांच्या लेखी हा पुरावा नष्ट करण्याचा प्रकार. काकूंकडे मधुकर तोरडमलांनी मराठीत आणलेली ख्रिस्ती असते. तऱ्हेवाईक प्रोफेसर रंगवणाऱ्या त्या नटाने निवांतपणे इतकी विषं मराठीत कालवावीत, याचं त्यांना कौतुक. तर्कशास्त्र वगैरे त्या मानत नाहीत. पैसा कोणाला मिळणार एवढं बघायचं, आणि घरात नको इतकी गोड चौकशी कोण करतो ते बघायचं. बस. काका यावर हसतात. पण लागू खटल्याचा विषय निघाला की हसणं थांबतं.

हा खटला काकांचा मानबिंदू. नोव्हेंबर १९५६. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे, विधवा, मधुमेहाच्या रुग्ण, गाठीला बऱ्यापैकी पैसा. त्यांचे डॉक्टर अनंत लागू त्यांना तपासणीसाठी म्हणून रात्रीच्या पॅसेंजरने मुंबईला नेतात. पहाटे बोरीबंदरला बाई बेशुद्ध. जी. टी. हॉस्पिटलात डॉक्टर लागू त्यांचं नाव भलतंच सांगतात, इंदुमती. काही तासांत बाई जातात. प्रेत बेवारस पडून राहतं. इकडे पुण्यात मात्र बाईंची पत्रं येऊ लागतात, की मी पुन्हा लग्न केलं, तिकडे राजस्थानात जोशी नावाच्या गृहस्थांबरोबर सुखात आहे, काळजी नसावी. शेअर आणि बँकेतला पैसा तेवढा हळूहळू डॉक्टरांकडे सरकतो.

‘आता बघा,’ काका चष्मा काढून सांगतात. शवविच्छेदन झालं, व्हिसेरा तपासला, विष सापडलं नाही. कुठलं दिलं तेही कधी कळलं नाही. नॉक्सने हे पुस्तक लेखकाच्या अंगावर फेकलं असतं. पण १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. विष रासायनिक तपासणीत सापडलंच पाहिजे असं नाही, परिस्थितीची साखळी पुरेशी आहे, असं बहुमताने ठरलं. निकाल दोन विरुद्ध एक. न्यायमूर्ती हिदायतुल्ला बहुमतात, न्यायमूर्ती सरकार विरोधात. काका सरकारांच्या बाजूने आहेत. विष दाखवा, मग बोला. काकू हिदायतुल्लांच्या बाजूने. ‘मेलेल्या बाईची पत्रं येतात, पैसा याच्या खिशात जातो, आणि तुम्हाला बाटली हवी?’ हा निकाल देशात केव्हाच लागला. काठे गल्लीत तो जेवणाच्या वेळी रोज पुन्हा सुनावणीला येतो आणि तिथे मत एक विरुद्ध एक पडतं. पोळी वाढायचं काम काकूंकडे असल्यामुळे काका बहुतेक वेळा पुढची तारीख मागून घेतात.

तेलगीचं नाव काढलेलं मात्र त्यांना चालत नाही. बनावट मुद्रांकांच्या त्या प्रकरणात यंत्रसामग्रीचा माग नाशिकरोडच्या प्रेसपर्यंत येऊन पोचला, तेव्हापासून लग्नकार्यात कोणीही उठून ‘काय, तुमचा तेलगी!’ म्हणतो. जन्मभर दाराशी झडती देऊन बाहेर पडलेल्या माणसाला हे लागतं. त्यावरची २०२३ ची मालिका त्यांनी बघितली, पण आवाज बंद करून. मशीन दाखवलेलं तेवढं चुकीचं आहे, एवढंच मत दिलं.

जॅक्सन खटल्याच्या पुस्तकावरून ते लायब्ररीवाल्या ताईंशी भांडले ती गोष्ट वेगळी. कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाच्या निमित्ताने २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता, तिथे अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या आणि पुढच्या एप्रिलात ठाण्याला कर्वे, देशपांडे या साथीदारांसह ते फासावर गेले. ताईंनी हे पुस्तक अर्नाळकर आणि नाईकांच्या मधे लावलं होतं. काकांनी ते स्वतः उचलून इतिहासाच्या कपाटात ठेवलं आणि जाताना मोकळ्या जागेत एक झुंजार सरकवून दिला.

पेन्सिल एका पुस्तकापुढे थांबते. ‘येस, आय अॅम गिल्टी’. पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या मुनव्वर शाहने तुरुंगात लिहिलेलं. १९७६ चा जानेवारी ते १९७७ चा मार्च, दहा खून, करणारी कमर्शियल आर्ट शिकणारी कॉलेजची पोरं, आणि पहिला बळी त्यांचाच सोबती. तेव्हा काका नोकरीला नवे होते. पुण्याला बहीण दिलेली. दिवेलागणीला तिच्या गल्लीतली दारं बंद होत, आणि बेल वाजली तर आधी खिडकीतून बघितलं जाई. त्या पोरांपैकी चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. या पुस्तकात कुठेही ‘मी ओळखलं’ नाही. ओळखायचं काय, नाव मुखपृष्ठावरच आहे. फक्त शेवटाकडे एका समासात काकांचं अक्षर दिसतं: ‘मेलेल्यांबद्दल कोण लिहिणार?’ त्याखाली दुसऱ्या कोणीही काही लिहिलेलं नाही.

काकांना सुधारण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९ पासून आहे. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते, वाचून झाली की बदलून मिळते. त्यांच्या सोसायटीतही एक पेटी आली. सगळ्यांनी कविता, प्रवासवर्णनं, आत्मचरित्रं उचलली. काका पेटीच्या तळापर्यंत गेले आणि उठून म्हणाले, ‘शंभरात फक्त चार मयत, तेसुद्धा नैसर्गिक.’ शेवटी एक आत्मचरित्र घरी नेलं. परत आलं तेव्हा नवव्या पानावर, लेखकाच्या भागीदाराचा पहिल्यांदा उल्लेख येतो तिथे, बारीक पेन्सिलीत लिहिलं होतं: ‘यावर लक्ष ठेवा.’ गंमत म्हणजे पुढे भागीदाराने खरंच बुडवलं होतं.

परवा गल्लीतल्या लायब्ररीत एक जुनी रहस्यकथा परत आली. शेवटचं पान फाटलेलं. ताईंनी दंड लावायचा म्हणून पुस्तक उलटंपालटं केलं, तर आतल्या कव्हरवर निकालपत्रच लिहिलेलं. पहिल्या अक्षरात: ‘पान नाही, तरी खुनी पुतण्या. कारणे: १) विमा २) ओले बूट.’ दुसऱ्यात: ‘पुतण्या डावखुरा आहे, पान ५४ नीट वाचा. खुनी नर्स.’ तिसऱ्यात, बाण काढून: ‘दोघेही मूर्ख. वकील.’ पहिला परत येऊन: ‘वकील त्या रात्री देवळालीला होता.’ आणि या सगळ्याखाली, जाड बॉलपेनने, काकूंच्या अक्षरात: ‘पुतण्याच आहे. पान मी फाडलं नाही. आणि हे पुस्तक तीन तारखेला परत द्यायचं होतं.’