पहाटेचे फर्मान

भालकी-बसवकल्याणकडील मराठी गृहिणींच्या हाती स्त्रियांच्या आत्मोन्नतीचे जे ग्रंथ हल्ली पडतात, त्यांचे पहिले फर्मान पहाटे पाचला उठण्याचे असते. आणि तुरीच्या काढणीत चुलीपासून गोठ्यापर्यंतचा कारभार त्याआधीच उरकलेल्या बाईला, आपण नेमक्या कोणत्या प्रहरी आळशी होतो, याची चौकशी आरंभावी लागते.

दुसरे कलम अधिक मागण्याचे. ज्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात आयदक्की लक्कम्मा ही शिवभक्त शरणी होऊन गेली, तिथे हा उपदेश विकायला मांडावा, हे प्रकाशकाचे धारिष्ट खरोखर वंदनीय. कारण तिच्या पतीने, मारय्याने, एके दिवशी सांडलेले तांदूळ नित्यापेक्षा अधिक वेचून आणले, तेव्हा हा लोभ कुणाचा, अशी त्याची कैफियत घेऊन तिने ते जिथले तिथे टाकून यायला लावले, अशी शरण परंपरेतील कथा आहे. तिच्या नावावर वचने आहेत. दिनचर्येचे तक्ते नाहीत, हा तिचा दोषच म्हणायचा!

ग्रंथाच्या अखेरीस बहुधा एक प्रतिज्ञाही छापलेली असते, की यापुढे मी कुणाच्याही सांगण्यावरून वागणार नाही. आणि तिच्याखाली सही नेमकी कुठे करायची, तेही लेखकमहाशयांनीच रेघ आखून दाखविलेले असते.