एक दिवसाआड धबधबा

पावसाळा लागला की पुण्या-मुंबईची माणसं डोंगर चढायला जातात. आम्ही इंदूरची माणसं उतरायला जातो. आमचं शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, जेवण झाल्यावर बसावं तसं ऐसपैस मांडी घालून बसलं आहे. दक्षिणेकडे तासभर गाडी हाकली, महू मागे पडलं की हे पठार एकाएकी संपतं. समोर विंध्याचा कडा, आणि खाली निमाड. पठारावरचं पाणी या कडेवरून जिथे जिथे खाली सांडतं, तिथे तिथे आमचं सहलीचं एकेक ठिकाण: पातालपाणी, तिंछा, जोगीभडक, शीतलामाता, मेहंदीकुंड.

डोंबिवलीचा मावसभाऊ गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा आमच्याकडे आला तो चढाईचे बूट, दोर, शिट्टी आणि गुडघ्याला बांधायचे पट्टे घेऊन. त्याला वाटलं होतं, पर्वत म्हणजे वर. "डोंगर कुठाय?" असं तो आठवडाभर विचारत होता. अण्णाकाका शांतपणे म्हणाले, "तू जेवून राहिलायस ना, तो डोंगरावर बसूनच."

आमचं घर जुनी इंदूरमध्ये. या नावातल्या 'जुनी'वर अण्णाकाका मराठीचा हक्क सांगतात. समोरचे मालवी शेजारी म्हणतात, होळकर यायच्या आधीपासून 'जूनो' आमच्या तोंडात आहे. दोघंही खरं बोलतात, म्हणून हा वाद चाळीस वर्षं टिकला. त्या साली पावसाने ओढ दिली होती. पाऊस रुसला की आमच्याकडे इंद्रेश्वर महादेवाला पाण्यात बुडवून ठेवायची चाल आहे. याच देवावरून शहराला इंदूर नाव पडलं असं मानतात. देव पाण्यात बसले, पाऊस आला, आणि दुसऱ्याच दिवशी अण्णाकाकांनी ओट्यावरून जाहीर केलं, "यंदा गोठ करायची."

गोठ म्हणजे आमच्या मुलखातलं वनभोजन. डोंबिवलीकराला वाटलं, काका म्हातारपणी गाई पाळणार.

बैठक बसली. आमच्या घराचं आणि विंध्याचं एका बाबतीत फार जुळतं. महूजवळच्या जानापाव टेकडीवर पडलेला पाऊस चंबळ होऊन उत्तरेला निघतो आणि यमुना-गंगा करत बंगालच्या उपसागराला मिळतो. काही कोसांवर पडलेला त्याचाच सख्खा भाऊ चोरल नदीत शिरतो आणि नर्मदेच्या बोटाला धरून अरबी समुद्राला जातो. आमच्या ओट्यावर पडलेला एकच विषयही असाच दोन समुद्रांना जातो.

वहिनी म्हणाली, पचमढी. तिथे धबधबे आहेत, थंड हवा आहे, दोन दिवस स्वयंपाक नाही. यातलं तिसरं कारण खरं होतं आणि म्हणूनच ते कोणाला पटलं नाही. अण्णाकाका म्हणाले, "पचमढी सातपुड्यात. आपला विंध्य घरचा असताना दुसऱ्याच्या डोंगरावर कशाला?" कोणीतरी मांडू म्हटलं. आत्या उसळलीच. "आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मांडू दाखवून दाखवून रूपमतीच्या महालात मी रूपमतीपेक्षा जास्त वेळा चढलेय." तिंछाचे काठ निसरडे म्हणून आजीने ते वगळलं. जोगीभडक नावामुळेच गेलं. आठव्या दिवशी एकमताने पातालपाणी ठरलं. पहिल्या दिवशी ते सगळ्यांच्याच मनात होतं. पण पहिल्याच दिवशी ठरलं तर ती काय सहल?

आता जायचं कसं? पातालपाणी ते कालाकुंड अशी मीटरगेजची जुनी वाट आहे. २५ डिसेंबर २०१८ पासून तिच्यावर हेरिटेज गाडी धावते. दहाएक किलोमीटरचा घाट, बोगदे, खाली चोरल नदी आणि शेवटी कालाकुंड स्टेशनवर पळसाच्या पानात मिळणारा कलाकंद. कलाकंदाचं नाव निघताच आत्या मांडू विसरली. माझा हात तिकिटं काढायला मोबाईलकडे गेला आणि तेवढ्यात अण्णाकाका म्हणाले, "ही रेल्वे कोणाची, ठाऊक आहे?"

हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारू देत नाही, कारण उत्तर आम्हाला पाठ आहे. १८७० मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला खंडवा-इंदूर रेल्वेसाठी एक कोटी रुपये कर्ज दिलं. साडेचार टक्के व्याज, मुदत १०१ वर्षं. राजे इंग्रजांकडून कर्ज काढत त्या काळात आमच्या राजाने इंग्रजांना कर्ज दिलं! हे काका अशा थाटात सांगतात की जणू कागदावर जामीन म्हणून त्यांचीच सही आहे. मग मीटरगेजवरच्या मीनाक्षी एक्सप्रेसचं वर्णन आलं, कालाकुंडहून चढ चढताना मागून रेटणारं जादा इंजिन आलं, पातालपाणीला टंट्या मामाच्या देवळापुढे गाडी क्षणभर थांबायची ते आलं. १८८९ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूरला याच टंट्या भिल्लाला फाशी दिली. पण पुढे त्यांच्याच रुळांवरून गाड्या त्याला सलामी देत गेल्या, हे सांगताना काकांचा गळा दाटून येतो, आणि दाटलेल्या गळ्याला मध्येच तोडता येत नाही. कर्जाची १०१ वर्षं फिटेपर्यंत मोबाईलवर दोन महिन्यांच्या शनिवार-रविवारच्या जागा भरल्या होत्या.

"टेम्पो करू," मी म्हटलं.

टेम्पो ट्रॅव्हलरवाला आला. ओट्यावरची गर्दी पाहून त्याने विचारलं, "भिया, इत्ते लोग जाओगे?" मी म्हटलं, रविवारी सकाळी सातला निघायचंय, उशीर चालणार नाही. तो हसला. "टेंशन मत लो भिया. झरना कहीं भाग नी रिया."

आणि तेवढ्यात, आतापर्यंत एक शब्दही न बोललेल्या काकू आतून म्हणाल्या, "रविवारी नर्मदा आहे."

ओटा गप्प झाला. डोंबिवलीकर माझ्या कानाला लागला, "रविवारी नर्मदाबाई येणार आहेत का? मग त्यांनाही घेऊ."

त्याला सांगावं लागलं. आमच्या शहरात नळाच्या पाण्यालाच नर्मदा म्हणतात. 'नर्मदा आली का', 'नर्मदा गेली', 'आज नर्मदा बारीक आहे', ही आमची पहाटेची भाषा. १९७० साली तरुण पोरांनी 'नर्मदा आणा' म्हणून शहर डोक्यावर घेतलं. त्या मोर्चांत आपण पुढे होतो असं अण्णाकाका सांगतात, आणि हे काहीही न भरता चहा मागत होते असं काकू सांगतात. १९७८ मध्ये नर्मदा शहरात आली. पण बऱ्याच वस्त्यांत ती येते एक दिवसाआड, आणि आली की घरातल्या कोणालातरी ड्रम, हंडे, बादल्या घेऊन तिच्या सेवेला उभं राहावं लागतं. आमच्या घरी ते कोणीतरी म्हणजे काकू.

"मग शनिवारी जाऊ," वहिनी म्हणाली.

"शनिवारी शाळा."

"पुढच्या रविवारी? तेव्हा नर्मदा नाही."

"तेव्हा सत्यनारायण."

पाऊण तास पंचांग, शाळेचा तक्ता आणि नळाचं वेळापत्रक असे तीन ग्रह जुळवून पाहिले. जुळले ते थेट दिवाळीनंतर, जेव्हा पातालपाणीत पाणी सोडून बाकी सगळं असतं. शेवटी काकूच म्हणाल्या, "तुम्ही जा. मी काही येऊन राहिली नाही. धबधबा काय, पाणीच ना?" आम्ही सगळ्यांनी फार आग्रह केला, आणि त्यांनी तो मानू नये म्हणून मनातल्या मनात इंद्रेश्वराला हात जोडले.

मग जेवणाची समिती. आमच्याकडे गोठ म्हणजे दाल-बाफले. त्यावर मतभेद संभवत नाही. बाटी नुसती भाजतात. बाफला आधी उकळतात, मग गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, मग तुपात बुडवतात. असे तीन संस्कार बाफल्यावर झाले की चौथा खाणाऱ्यावर होतो, तो म्हणजे झोप. कणीक, डाळ, तूप, लाडू, चटणी, परात आणि पोतंभर गोवऱ्या. निसर्गात जायचं म्हणून निसर्ग बरोबर घ्यायचा.

आणि शेवटी पिशव्या. २०१७ पासून आमचं शहर देशात स्वच्छ म्हणून पहिलं येऊ लागलं, तेव्हापासून इंदूरकराच्या स्वभावातच फरक पडला आहे. पूर्वी तो कचरा टाकायला जागा शोधायचा, आता कचऱ्याला जात शोधतो. कचरागाडीला सहा कप्पे: ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, घरातला घातक आणि सॅनिटरी. आत्याने सहलीला सहा पिशव्या घेतल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी डकवून. "धबधब्यावर इलेक्ट्रॉनिक कचरा कुठून येणार?" डोंबिवलीकराने विचारलं. "तुझा फोन पाण्यात पडला की," आत्या म्हणाली.

रविवारी सातला निघायचं होतं, म्हणजे आम्ही साडेनवाला निघालो. त्यात पोहे-जिलबी आली; ती न खाता शहर सोडणं इंदुरात अपशकून मानतात. पोह्यांवर शेव, जीरावन आणि शेजारी जिलबी पाहून डोंबिवलीकराने आधी डोळे मिटले आणि मग तीन प्लेटा संपवल्या. महूला बाबासाहेबांच्या जन्मस्थानी सगळे उतरले, डोकं टेकवून आले. पुढे रस्ता हिरवा होत गेला. पाऊस काचेवर टपटपू लागला. "आला डोंगर!" असं डोंबिवलीकर तीनदा ओरडला. तीनही वेळा ते स्पीडब्रेकर होते.

पातालपाणीला पोहोचलो तेव्हा बारा वाजले होते. डोंबिवलीकराने बूट कसले, दोर खांद्यावर टाकला, कठड्यापर्यंत धावला आणि थांबला. समोर काहीच नव्हतं. आकाश नव्हतं, दरी नव्हती, धबधबा नव्हता. नुसतं धुकं, दुधाचं पातेलं उतू जाऊन साऱ्या जगावर पसरल्यासारखं. आणि त्या पांढऱ्या पडद्यामागून आवाज, घुमणारा, खोल, छातीत वाजणारा. ३०० फुटांवरून चोरल खाली पडत होती आणि आम्हाला तिचा पदरसुद्धा दिसत नव्हता.

"फोटो कशाचा काढू?" डोंबिवलीकर रडकुंडीला आला.

"आवाजाचा काढ," अण्णाकाका म्हणाले.

आम्ही कठड्याला धरून उभे राहिलो. आजीने एकालाही पलीकडे पाऊल टाकू दिलं नाही. २०११ च्या जुलैत इथेच, वर पडलेल्या पावसाचा लोंढा एकाएकी आला आणि सहलीला आलेल्या घरातली माणसं प्रवाहात अडकली. तिघं वाचली नाहीत. इथलं पाणी समोरच्या आभाळाला विचारून वाढत नाही, मागच्या रानात काय पडलं त्यावर वाढतं. आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं; पण तिने डोंबिवलीकराचाच दोर मागून घेतला आणि तिन्ही पोरांच्या कमरा स्वतःच्या काठीला बांधल्या. गिर्यारोहणाच्या त्या दोराचा तेवढाच उपयोग झाला.

अर्धा तास धुकं पाहून भूक लागली. पोतं सोडलं. गोवऱ्या वरून कोरड्या, आतून ओल्या. टेम्पोच्या टपाची गळती नेमकी त्या पोत्यावर होती. पाऊण काडेपेटी संपली. धूर इतका झाला की धबधब्याचं धुकं कुठलं आणि आमचं कुठलं, हे सांगता येईना. घरूनच उकळून आणलेले बाफले परातीत पडून आमच्याकडे पाहत होते. पहिला संस्कार झालेले, दुसऱ्याची वाट बघणारे. शेवटी टपरीवरचे भाजलेले भुट्टे घेतले. तिखटमीठ, लिंबू, पाऊस आणि न दिसणाऱ्या पाण्याचा आवाज. खरं सांगायचं, तर त्या चवीला बाफल्यांची आठवणही आली नाही. पण हे आत्यासमोर बोलायचं नसतं.

निघताना कचरा गोळा केला. चौदा भुट्ट्यांची बुटकं, सगळा ओला कचरा, एकाच पिशवीत. उरलेल्या पाच पिशव्या रिकाम्या. त्या रिकाम्या पिशव्या कुठल्या पिशवीत टाकायच्या, यावर घरापर्यंतचा सगळा रस्ता गेला.

रात्री जुनी इंदूरच्या बोळात शिरलो. काकू दारात उभ्या. मागे अंगणात ड्रम काठोकाठ, हंडे काठोकाठ, अगदी दुधाची पातेलीसुद्धा भरलेली.

"पाहिला का धबधबा?"

कोणी बोलेना. डोंबिवलीकर म्हणाला, "दिसलाच नाही हो काकू. एवढं पाणी पडत होतं, आणि दिसलं काही नाही."

अण्णाकाकांना राहवलं नाही. ओल्या टोपीसकट ते सांगू लागले. पातालपाणीत पडलं ते पाणी चोरलमधून बडवाहजवळ नर्मदेला मिळतं. नर्मदा पुढे मंडलेश्वरकडे जाते. तिथे जलूदला तिला पंपाने उचलतात, सत्तरेक किलोमीटर नळातून चालवतात, पाचशे मीटरहून जास्त उंचीचा विंध्य चढवतात आणि इंदुरात आणून सोडतात. आजचंच पाणी नव्हे, पण आठ-दहा दिवसांपूर्वी त्या कड्यावरून उडी मारलेले दोनचार थेंब तरी आजच्या नळात असणारच.

काकूंनी हिशोब केला. "म्हणजे तुम्ही पहाडावरून जे खाली पडताना बघायला गेलात, ते वर चढून माझ्या घरी आलं. आणि मी सकाळपासून ते बादलीने भरून राहिलेय."

"हो," काका म्हणाले. "आणि मोरीतून जाईल ते कान्ह नदीला, तिथून क्षिप्रा, चंबळ, गंगा..."

"पाय धुवा आधी," काकू म्हणाल्या. "गंगेला मग पाठवू."

डोंबिवलीकर मोरीत ड्रमासमोर उकिडवा बसला. काकूंनी तांब्याने वरून त्याच्या चिखलाने भरलेल्या बुटांवर धार धरली. त्याने मान वर करून त्या धारेकडे बराच वेळ पाहिलं, मग खिशातून फोन काढला आणि फोटो घेतला.

"मस्त दिसतोय," तो म्हणाला. "उद्या परत येऊ का बघायला?"

"उद्या नाही," काकू म्हणाल्या. "परवा ये. एक दिवसाआड असतो."