गिझर कोणाच्या नावावर?

भावोजींची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी त्यांच्याच हॉलमध्ये भरते. संचालक दोन : ते आणि ताई. यंदा घराला रंग, नवी भिंत, मोरीत गिझर. बिलं झाडून सगळी कंपनीच्या नावावर.

सीएने चष्म्यावरून पाहिलं. "भाडेकरार?" भावोजींनी घरमालक म्हणून सही केली आणि पेन खाली न ठेवता भाडेकरू कंपनीतर्फेही ठोकली.

कायदा म्हणतो, रंग ही दुरुस्ती; करारात ती भाडेकरूने पत्करली असेल तर खर्च त्याच वर्षी वजा. भिंत मात्र भांडवली. तिच्यावर दरवर्षी नुसता घसारा, तोही धंद्याला वापरलेल्या भागापुरताच. (म्हणजे हॉलमधला पाळणा वगळून.)

"आणि गिझर?"

"क्लायंट येतात ना!"

"अहो, आंघोळीला?" दुसऱ्या संचालकांनी स्वयंपाकघरातून विचारलं.