दोन दुलया, एक पलंग

हल्ली सुख कुरियरने येतं. खोका उघडला की आत सहा सुगंधी मेणबत्त्या, जाड विणीची लोकरी शाल, राखाडी अभ्रे, मेंढीचं कातडं असल्याचा आव आणणारं पॉलिस्टरचं आसन, आणि हे सगळं बेडरूममध्ये कसं मांडायचं ते सांगणारं कार्ड. कार्डावर ठळक अक्षरांत ‘ह्युगे’. म्हणजे डेन्मार्कचे लोक घरात जसे उबदार, निवांत राहतात, तसं राहणं. बिलाचा आकडा पाहिला की निवांतपणा जातो, पण ते असो. नागपुरात, मे महिन्यात, उबदार वाटावं म्हणून पैसे मोजणारा माणूस हा आपल्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे. त्याला दुखवून चालायचं नाही.

हे वेड थेट कोपनहेगनहून आलेलं नाही, व्हाया लंडन आलंय. 2016 साली कोपनहेगनच्या हॅपिनेस रिसर्च इन्स्टिट्यूटचे प्रमुख माइक विकिंग यांचं या विषयावरचं छोटेखानी पुस्तक इंग्रजीत आलं आणि धो धो खपलं. त्याच वर्षी कॉलिन्स शब्दकोशाच्या ‘वर्षाचा शब्द’ यादीत ह्युगेही होता; पहिला नंबर ‘ब्रेक्झिट’ने पटकावला. ब्रिटिश माणूस एका पायाने युरोपातून बाहेर पडत होता आणि दुसरा पाय युरोपच्याच दुलईत घालत होता. तिथून लाट आपल्याकडे यायला कितीसा वेळ लागणार? विलायतेहून आलेलं आपण काही परत पाठवत नाही.

मूळचा मामला साधा आहे. डिसेंबरात कोपनहेगनला सूर्य साडेआठच्या पुढे उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. मधल्या वेळात तो असलाच तर ढगाआड. अशा गावात माणूस चार वाजता दिवा लावणारच आणि पांघरूण ओढणारच. युरोपात माणशी सर्वात जास्त मेणबत्त्या जाळणाऱ्यांत डॅनिश लोक अग्रभागी आहेत, ते काही इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचे म्हणून नाही. आणि त्यांच्या बहुतेक मेणबत्त्यांना वास नसतो. व्हॅनिला, चंदन, ‘हिवाळी जंगल’ ही सगळी भर नंतरच्या दुकानदारांची. शिवाय मेणबत्ती जळते म्हणजे हवेत बारीक कण सोडतेच. डॅनिश माणूस त्यावर दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडतो. पुष्कळ जण तर थंडीतही फट ठेवून झोपतात. आपण काय करतो? दारं-खिडक्या बंद, एसी चालू, आणि त्या बंद डब्यात सहा मेणबत्त्या. आणि आगीचं काय? डॅनिश परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन आगीला इतका घाबरायचा की प्रवासात सामानात दोर ठेवायचा, आग लागलीच तर खिडकीतून उतरता यावं म्हणून. आपल्या खिडक्यांना तर ग्रिल असतं.

उजेडाच्या बाबतीत मात्र या लोकांचं ऐकावं. पॉल हेनिंगसेन नावाचा एक गृहस्थ कोपनहेगनजवळ रॉकेलच्या दिव्याच्या मऊ उजेडात वाढला. पुढे विजेचे बल्ब आले आणि त्यांचा झगमगाट त्याला सोसेना. 1920च्या दशकात त्याने एकाखाली एक शेडा बसवून असा दिवा काढला की बल्ब कुठूनही डोळ्यात जाऊ नये. 1958 साली त्याचा ‘पीएच 5’ आला, नाव त्याच्या 50 सेंटिमीटर व्यासावरून. तो आजही डॅनिश जेवणाच्या टेबलांवर लटकलेला असतो. हाच हेनिंगसेन वर्तमानपत्रांत तिरकस लिहायचा आणि नाट्यगृहासाठी टवाळ गाणीही रचायचा. म्हणजे आमच्याच बिरादरीतला, फक्त हाताला काहीतरी काम असलेला.

त्याच्या देशात खोलीत चार-पाच छोटे दिवे, तेही खाली, कोपऱ्यात, पुस्तकापाशी. आपल्याकडे बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनने ट्यूबलाइटचा पॉइंट काढलेला असतो तो बरोबर उशीसमोरच्या भिंतीवर, म्हणजे आडवं झालं की ती डोळ्यातच. ज्यांनी इंटिरियर करून घेतलंय त्यांची तऱ्हा आणखी न्यारी: फॉल्स सीलिंगमध्ये बारा स्पॉटलाइट आणि कडेने निळी पट्टी. झोपायला आत जावं तर ऑपरेशन थिएटर. खरं तर बल्बच्या खोक्यावर 2700 केल्विन असं लिहिलेलं असतं, तो पिवळसर उजेडाचा बल्ब घ्यायचा आणि टेबललॅम्पला लावायचा. एवढ्यात भागतं. पण एवढ्याचं कोण बिल करणार?

आता दुलईकडे येतो, कारण सगळ्या डेन्मार्कात मला खरोखर पटलेली गोष्ट तीच.

पांघरुणाचं महत्त्व या देशाला आधीपासून कळलेलं आहे. 1835 साली अँडरसनने वाटाणा टोचलेल्या राजकन्येची गोष्ट लिहिली, त्यात बिचारीला वीस गाद्या आणि त्यावर पिसांच्या वीस दुलया घालून झोपवलंय, तरी तिची तक्रार आहेच. पुढे 1979 साली आर्हुस शहरात लार्स लार्सन नावाच्या माणसाने गाद्या-दुलयांचं दुकान काढलं. टीव्हीवर स्वतः उभा राहून ‘मी लार्स लार्सन’ म्हणत स्वस्त दुलया विकल्या आणि ‘युस्क’ नावाची साखळी देशोदेशी नेली. लोक त्याला दुलईचा राजा म्हणत. 2019 मध्ये वारला तेव्हा देशातल्या सर्वात श्रीमंतांत त्याची गणना होती. (आपल्या ओळखीचा लार्सन वेगळा. तो हेनिंग होल्क-लार्सन. एफ. एल. स्मिथ या डॅनिश सिमेंटयंत्रांच्या कंपनीचा इंजिनिअर. त्याने आणि टुब्रोने 1938 साली मुंबईत सुरू केलेली भागीदारी म्हणजेच लार्सन अँड टुब्रो. डॅनिश माणसं खरोखर इथे आली, ती सिमेंटच्या कामाने.)

तर, डॅनिश नवरा-बायको एकाच पलंगावर झोपतात, पण दुलया दोन. प्रत्येकाची आपली, साधारण 140 बाय 200 सेंटिमीटरची. ज्याला जाड हवी त्याला जाड, जिला पातळ हवी तिला पातळ. खेचाखेची नाही, मध्यरात्री उघडे पडलेले पाय नाहीत, ‘तूच ओढून घेतलंस’ नाही. यात कुणाला दुरावा दिसत नाही, कुणाची आई फोन करून चौकशी करत नाही. संसारावर इतका शहाणा उपाय मला दुसऱ्या कुठल्याही देशाच्या सजावटीत दिसलेला नाही, आणि खोक्यात नेमका तोच नसतो.

गंमत म्हणजे हे आपल्याकडे होतंच. वाड्यात रात्री ओळीने अंथरुणं पडायची तेव्हा ज्याची चादर त्याची, ज्याची गोधडी त्याची. कुणी कुणाची ओढली तर भांडण सरळ आजीकडे जायचं. मग आला डबल बेड, आणि त्याच्याबरोबर वाघाचं नाहीतर गुलाबाचं चित्र असलेलं ते अवाढव्य डबल ब्लँकेट. अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल. पण त्यासाठी आधी अंथरूण स्वतःचं असावं लागतं. आता एकाला पंखा पाचवर हवा, दुसऱ्याला दोनवर. तह म्हणून एसी अठरावर. म्हणजे आधी वीज जाळून डेन्मार्कची थंडी खोलीत आणायची आणि मग ती घालवायला डेन्मार्कचीच दुलई विकत घ्यायची. आणि पलंग बॉक्सचा असल्यामुळे खाली दोन सुटकेसा, रुखवतातली न वापरलेली भांडी आणि मुलाची पाचवीची चित्रकलेची वही. ही डॅनिश साधेपणाची वाट नव्हे.

खोक्यात मावत नाहीत अशाही काही गोष्टी आहेत. कामगार करारांनी ठरलेला 37 तासांचा आठवडा, त्यामुळे चारच्या सुमाराला रिकामी होऊ लागणारी ऑफिसं. कायद्याने मिळणारी पाच आठवड्यांची पगारी रजा. 1973च्या तेलसंकटात या देशाची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा बाहेरून आणलेल्या तेलावर चालत होती. चटका बसल्यावर त्यांनी भिंतींत उष्णतारोधक थर भरले आणि शहरभर गरम पाण्याचे सामाईक नळ वाढवले. आज सुमारे दोन तृतीयांश घरांना त्या नळांतूनच ऊब मिळते. म्हणजे बेडरूमची ऊब जमिनीखालून येते, आणि तिथला कर ऐकला तर आपल्याला मेणबत्तीवाचून घाम फुटेल. हिंजवडीहून साडेनऊला घरी येऊन, पलंगावर लॅपटॉप उघडून अमेरिकेच्या कॉलला बसणारा माणूस शेजारी मेणबत्ती लावतो तेव्हा त्या उजेडात फक्त त्याचा चेहरा जास्त दमलेला दिसतो.

सामान तरी डॅनिश असतं का? बरंचसं स्वीडनच्या दुकानातलं. डिसेंबर 2020 मध्ये आयकिया तुर्भ्यात आलं, तेव्हापासून आपला माणूस डेन्मार्कचं सुख ठाणे-बेलापूर रस्त्यावरून आणतो. याच आयकियावर 2008 साली डेन्मार्कात कुरबूर झाली होती: सोफ्यांना स्वीडिश गावांची नावं, आणि डेन्मार्कच्या गावांची नावं मात्र सतरंज्यांना नि पायपुसण्यांना. शेजाऱ्याचा निवांतपणा विकायचा आणि त्याच्या गावाला पाय पुसायचे, याला व्यापार म्हणतात. तसाही जगातल्या सुखी देशांच्या यादीत पहिला नंबर 2018 पासून फिनलंडकडे गेलाय. पुढचा खोका सॉनाचा असणार. विदर्भातल्या लोकांनी तेवढा घेऊ नये. त्यांना तो दरवर्षी मार्चपासून फुकट मिळतो.

आपल्या बेडरूमचं दुखणं वेगळं आहे. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत ती धग खाली सोडत राहतो. त्यावर उपाय गच्चीवर पांढरा लेप, दुपारी ओढलेले पडदे, संध्याकाळी समोरासमोर उघडलेल्या खिडक्या आणि सुती चादर. यातलं काहीही फोटोत चांगलं दिसत नाही, म्हणून त्याला परदेशी नाव नाही आणि त्याचा खोकाही येत नाही.

बाकी ज्याला डेन्मार्क हवाच आहे त्याने तो जरूर आणावा, पण मधोमध आणावा: पलंगाच्या. आणि लग्नसराई तोंडावर आहे म्हणून आहेरात डबल ब्लँकेट देणाऱ्या समस्त काका, मावश्या, आत्या आणि ऑफिसातल्या वर्गणी-मंडळाला हात जोडून विनंती: यंदा दोन सिंगल द्या.