अर्थिंगवाले काका

कुम्हारीतून रायपूर-भिलाई हमरस्ता जातो. दिवसरात्र ट्रक धावत असतात, त्यामुळे गाडीची वायरिंग बघणारा मिस्त्री हाकेच्या अंतरावर मिळतो. तरी काका आपली प्रीमियर पद्मिनी कोणाच्या हाती देत नाहीत. मिस्त्री म्हणजे वायर कापून टेप गुंडाळणारा प्राणी, असं त्यांचं मत. ते स्वतः भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले. तिथे ते हिशेब खात्यात होते, हे मात्र बॉनेट उघडं असताना सांगत नाहीत.

गाडीची वंशावळ त्यांना तोंडपाठ आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी फियाट डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. आजार कोणताही असो, काकांचं निदान एकच. शेजारचा पोरगा विचारतो, "का होगे कका?" काका मान न वळवता म्हणतात, "अर्थिंग."

बहुतेक वेळा ते बरोबर निघतं, ही खरी पंचाईत. जुन्या गाडीत परतीची वायर नसते. करंट गाडीच्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परततो. मागच्या दिव्याच्या बोल्टला गंज चढला की त्याची वाट अडते आणि तो शेजारच्या बल्बमधून चोरवाट काढतो. मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासायचा, एवढंच काम. पण आत बसून ब्रेक दाबायला कोणीतरी हवं ना! लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसवले जातात. "दाबा! सोडा! अहो, दाबा म्हटलं ना!" पहिल्या दिवाळीला आलेल्या जावयाने ओवाळणीच्या आधी अर्धा तास ब्रेक दाबला. मुलगा सोशिक आहे, असं काकांनी त्या दिवशी जाहीर केलं.

हत्यारं घरचीच. इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी डाग देऊन जोडल्या की झाला टेस्ट लॅम्प. बॅटरीच्या टर्मिनलवर साठलेली पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्याने धुवायची आणि वर व्हॅसलीन चोपडायचं. व्हॅसलीनची डबी काकूंची. "आता मी टाचांना ग्रीस लावू काय?" असं त्या विचारतात, तेव्हा काका फ्यूज तपासण्यात गढलेले असतात.

स्टिअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो. दांड्याच्या आत वायरचं आवरण घासलंय. ते काम काका मुद्दाम काढत नाहीत. गल्लीत वळताना कळतं लोकांना, म्हणतात.

गेल्या महिन्यात मुलगा नवी गाडी घेऊन आला. समोर पिवळा दिवा लागलेला. काका टेस्ट लॅम्प घेऊन धावले, बॉनेट उघडलं, तर खाली नुसतं प्लॅस्टिकचं झाकण.

"बाबा, हात नका लावू. यात सगळं कॉम्प्युटरवर चालतं."

काकांनी झाकणावर टिचकी मारली.

"आणि त्या कॉम्प्युटरचं अर्थिंग कोणी बघितलंय?"