आकाशगंगेचे सरनौबत

"भोपाळला असताना आम्ही पहाटे पाचला तयार असायचो," असं नाना म्हणाले की सोसायटीत नवीन आलेला भाडेकरू सरसावून बसतो. नानांची पाठ ताठ, मिशी भरदार, बूट आरशासारखे आणि छत्री काखेत छडीसारखी. भाडेकरू अदबीनं विचारतो, "कोणत्या रँकवर रिटायर झालात?" नाना नुसते हसतात. आमची वस्ती नाशिकरोडची, देवळाली कॅम्प हाकेच्या अंतरावर. लष्करी माणूस सगळं सांगत नसतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाडेकरू गप्प बसतो आणि दुसऱ्या दिवसापासून नानांना जिन्यात वाट करून देऊ लागतो.

खरी गोष्ट अशी की नाना भोपाळला पाच दिवस होते. ऐन पंचविशीच्या आत, सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीसाठी. तिथे छातीवर नंबर बांधतात, दोर आणि फळ्या देऊन काल्पनिक नाले ओलांडायला लावतात आणि मानसशास्त्राच्या परीक्षेत एकेक चित्र अर्धा मिनिट दाखवून चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. शेवटी चित्रच नसतं, पडदा कोरा. मनात येईल ते लिहा. बाकीच्या उमेदवारांनी शहाण्यासारखं बुडणाऱ्या मुलाला वाचवलं. नानांना कोऱ्या पडद्यावर अंतराळ दिसलं. चार मिनिटांत त्यांचं आकाशाचं वर्णन झालं, नायक यायचा राहिला. पाचव्या दिवशी नानांना परतीचं भाडं देऊन नाशिकच्या गाडीत बसवण्यात आलं.

ती गोष्ट नाना अजून लिहीत आहेत.

मधल्या काळात त्यांनी विमा कंपनीत मोटार-अपघाताच्या दाव्यांवर अख्खी नोकरी काढली. ट्रकवाला चुकला की स्कूटरवाला, ब्रेक लागला नाही की लावलाच नाही, हे कागदावरून ठरवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. संध्याकाळी घरी आले की मात्र वही उघडायची आणि आकाशगंगेच्या आघाडीवर रुजू व्हायचं. वहिनी स्वयंपाकघरातून सांगायच्या, "आधी पोहे खाऊन घ्या, गार होतात. शनी कुठे पळून जात नाही."

कादंबरीची हकिकत थोडक्यात सांगतो. नाना थोडक्यात सांगत नाहीत. काळ पुढचा, शेकडो वर्षांनंतरचा. मराठी आरमार शनीच्या कड्यांशी तळ ठोकून आहे. जहाजांची नावं साल्हेर, मुल्हेर, ब्रह्मगिरी; निशाणाचं जहाज अर्थातच रामशेज, कारण नाशिकजवळच्या त्या एवढ्याशा किल्ल्यानं मोगलांना वर्षानुवर्षं दाद दिली नव्हती. शत्रू हिरवट, सहा पायांचा, आणि बोलतो बखरीच्या मराठीत. नायक या आरमाराचा सरनौबत. त्याच्यावर कलंक येतो, पद जातं, तो मंगळावर अज्ञातवासात हमाली करतो आणि शेवटच्या प्रकरणात एकटा शत्रूवर तुटून पडून कलंक धुऊन काढतो.

हे हस्तलिखित सात वह्यांचं आहे. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांचे आद्य आदर्श नानांच्या लेखी जयंत नारळीकर. नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती आणि पहिलं बक्षीस मिळवलं होतं. नानांनी त्यातला नेमका टोपणनावाचा भाग उचलला. एका दिवाळी अंकाच्या स्पर्धेला कथा पाठवली ती खोट्या नावानं, पत्ता खरा. निकालाचं पाकीट आलं. वॉचमननं नावांचा फळा पाहिला, "असं कोणी इथं राहत नाही" म्हणून पोस्टमनला परत पाठवलं. पाकिटात काय होतं हे कळलं नाही. त्यामुळे ते बक्षीसच होतं, हे नानांच्या मनात पक्कं बसलं आहे. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वं साहित्य संमेलन नाशकात आडगावला भरलं आणि अध्यक्ष साक्षात नारळीकर. नाना साती वह्या खांद्याच्या पिशवीत घालून गेले. प्रकृतीमुळे अध्यक्षांना येता आलं नाही. नाना तीन दिवस पुस्तकांच्या गाळ्यांतून पिशवीसकट फिरले आणि एक खांदा उतरता घेऊन परत आले.

असे नाना गावोगाव असतात. कोणी नाटकात जायचं राहिलेलं असतं, कोणी रणजी खेळायचं. पण देवळालीच्या शेजारी राहून सैन्यात जायचं राहणं म्हणजे रोज जखमेवर तोफा ऐकणं. १९४१ पासून इथे तोफखान्याचं विद्यालय आहे. रेंजवर सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात, बायका कपाटातली काचेची भांडी आत सरकवतात आणि नाना मात्र गॅलरीत येऊन छत्रीला टेकून उभे राहतात. चेहऱ्यावर भाव असा की मारा ठीक चाललाय.

सगळं सुरळीत होतं. तेवढ्यात तळमजल्यावर हवालदारसाहेब राहायला आले.

हे मूळचे निफाडकडचे. तोफखान्यात खरोखर चोवीस वर्षं काढलेले. अंगात बनियन, डोळ्यांवर दोरी बांधलेला चष्मा, चालताना किंचित लंगडणं. यांना पाहून कोणी जिन्यात वाट देत नाही. नानांनी पहिल्याच भेटीत "भोपाळला असताना" काढलं. हवालदारसाहेब म्हणाले, "भोपाळ? सिलेक्शनला गेलता काय?" नानांचा हात मिशीवरून खाली आला. पण हवालदारसाहेबांनी ही गोष्ट पुढे कधी कोणाला सांगितली नाही, आणि त्या उपकारापोटी नानांनी त्यांना कादंबरी ऐकवायला घेतली. उपकाराची अशी फेड सोसायटीत दुसऱ्या कोणाची झालेली नाही.

वाचन गच्चीवर, रविवारी. आम्ही दोघे-तिघे बळी ठरलेले. पहिल्याच रविवारी रामशेज जहाजानं एकदम चाळीस तोफांची सरबत्ती केली. हवालदारसाहेबांनी हात वर केला.

"नाना, जहाज मागं गेलं असंल."

"का?"

"तोफ मागं झटका देती. आमच्यात ती जमिनीत रुतवून ठेवत्यात, झटका धरणीमाय घेती. तुमच्याकडं कोण घेतंय? चाळीस तोफा एकदम म्हंजी जहाज आपल्याच बायकापोरांत जाऊन पडायचं."

नानांनी न्यूटनला मनात नमस्कार करून दुरुस्ती केली. मागे तेवढ्याच उलट्या तोफा. पुढचा आक्षेप आला गोळा कुठे पडला याबद्दल. तोफची आंधळा असतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. लक्ष्य त्याला दिसतच नाही. ते डोंगरापलीकडे असतं. पुढे टेहळणीवर बसलेला अधिकारी गोळा पडलेला पाहतो आणि वायरलेसवर सांगतो, इतका डावीकडे, इतका लांब. "तुमच्यात गोळा पडतच न्हाई. मग करेक्शन कशावर देणार?" नाना म्हणाले, पृथ्वीवरून दुर्बिणीनं. मग त्यांनीच हिशेब मांडला आणि त्यांचाच चेहरा पडला. शनीपासून इथवर प्रकाशालाच सव्वा तासाच्या आसपास लागतो. करेक्शन पोचायला तितकाच वेळ आणखी. "तवर शत्रू जेवून झोपला असंल," हवालदारसाहेब म्हणाले.

नाना हार मानणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी जो हाल्डमनची 'फॉरेव्हर वॉर' काढली. हा अमेरिकन लेखक स्वतः व्हिएतनाममध्ये जखमी झालेला. त्याच्या कादंबरीतला शिपाई प्रकाशाच्या जवळपास वेगानं लढाईला जातो. त्याची काही वर्षं जातात तोवर घरी शतकं उलटलेली असतात. नानांच्या आवाजात कातरता आली. "ओळखणारं कोणी उरलेलं नाही, साहेब. केवढा एकाकीपणा!" हवालदारसाहेबही गंभीर झाले. बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजून म्हणाले, "पेन्शन कशी बसती? आमच्यात पंधरा वर्षं सर्व्हिस लागती. जहाजावरची दोन धरायची का घरची सातशे? आन् दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला कोण देणार?"

या सगळ्यातून नाना तरले. अडले ते एका साध्या प्रश्नावर. "ते समदं ऱ्हाऊ द्या. सरनौबतानं केलं काय?"

"म्हणजे?"

"गलती काय केली?"

नाना ताठ झाले. सरनौबतानं काहीच केलेलं नाही. ते दरबारी कारस्थान आहे, खोटा संदेश आहे, जुळा भाऊ आहे. चौथ्या वहीत सगळा उलगडा होतो.

"मग धुवायचं काय? कापड कोरंच हाय की."

पुढचे तीन रविवार याच वादात गेले. हवालदारसाहेबांच्या बाजूनं प्रतापराव गुजर उभे राहिले. साल्हेरची १६७२ ची लढाई गाजवलेला सरनौबत, तोही आपल्याच जिल्ह्यातल्या बागलाणात. पण पुढच्याच वर्षी उमराणीला बहलोलखान कोंडीत सापडला असताना त्यानं शरणागतीची भाषा केली आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं. महाराज संतापले, कारण चूक खरीच होती. खान पुन्हा उलटून आला. २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव सहा स्वारांनिशी त्याच्या फौजेवर तुटून पडले. आमच्या कुसुमाग्रजांनी त्या सातांवर कविता केली, लताबाईंनी ती गायिली. नानांना तेवढ्यात तिसरंच काही सुचलं: नेसरी १६७४, हाल्डमनची कादंबरी १९७४, नारळीकरांचं बक्षीसही १९७४! बरोबर तीनशे वर्षं! त्यांना हा योगायोग वाटेना. पण मूळ मुद्दा त्यांना टाळता येईना. प्रतापराव चुकले होते.

मग नानांनी बोफोर्स आणली. ४१० तोफांचा करार १९८६ चा. पुढच्या वर्षी स्वीडनच्या रेडिओनं दलालीची बातमी फोडली आणि बिचाऱ्या तोफेचं नाव शिवीसारखं झालं. राजकारण उलथलं, निवडणुका फिरल्या. आणि १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर त्याच तोफेनं मारा करून दाखवला. "बोला! निष्पाप होती की नाही? कलंक धुतला की नाही?"

"व्हती," हवालदारसाहेब म्हणाले. "पर ती तोफ हाय, नाना. पैसं माणसांनी खाल्लं. तोफंची कादंबरी लिहा, माझं काही म्हणणं न्हाई. माणसाची लिवायची तर त्याला काहीतरी करू द्या."

त्यानंतर त्यांनी स्वतःचं सांगितलं. राजस्थानातल्या एका रेंजवर, तोफ १०५ मिलिमीटरची, नोकरीचं तिसरं वर्ष. वायरलेसवरून आकडा आला, यांनी साइटवर शंभर मिल चुकीचा लावला. एक मिल म्हणजे किलोमीटरला एक मीटर. दहा किलोमीटरवर शंभर मिल म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. गोळा भलतीकडे पडला. तिथे वाळू होती म्हणून कोणी मेलं नाही. दुसऱ्या दिवशी पेशी. डोक्यावरची टोपी आणि कमरेचा पट्टा काढून घेऊन साहेबांसमोर उभं केलं. चौदा दिवस क्वार्टर गार्ड, पुस्तकात लाल शाई.

"आणि मग?" नाना पुढे झुकले. "पुढच्या युद्धात...?"

"पंधराव्या दिवशी परत त्याच तोफंवर. आमचा नंबर वन, म्हंजी तोफंचा म्होरक्या, म्हणाला, उद्यापासून आकडा मोठ्यानं वाचायचा. बास."

"एवढंच?"

"एवढंच."

नाना हिरमुसले. यात नाट्य नव्हतं. पण मला त्या दिवशी एक उलगडा झाला. हवालदारसाहेब लाइटच्या मीटरवरचा आकडा मोठ्यानं वाचतात. रिक्षाचं भाडं, औषधाच्या पाकिटावरची तारीख, लिफ्टमधला मजला, दुधाच्या पिशवीवरची किंमत, सगळं ठणठणीत आवाजात, एकेक अंक सुटा. पोरं मागून नक्कल करतात. नातवाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकातला गणिताचा आकडाही त्यांनी असाच जिन्यात उभं राहून वाचला होता, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. सेवेतून निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, तरी माणूस रोज दहा वेळा तोच एक आकडा बरोबर लावतो आहे. हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी माझ्याकडे मोटार-अपघातातून आल्यासारखं पाहिलं असतं.

नानांनी मात्र ते कुठेतरी टिपलं असणार. महिनाभर वाचन बंद होतं. मग एका रविवारी ते नवी वही घेऊन आले, मिशी नीट न विंचरता. जुळा भाऊ गेला होता. खोटा संदेश गेला होता. नव्या प्रकरणात शत्रू समोर आहे, हुकूम द्यायची वेळ आहे आणि सरनौबत आकाशाकडे पाहत बसतो. चार मिनिटं. काही सुचत नाही. तेवढ्यात तीन जहाजं जातात.

आम्ही गप्प. चार मिनिटंच का, असं शेजारच्या कुलकर्ण्यांनी विचारायला तोंड उघडलं, ते हवालदारसाहेबांनी नुसत्या नजरेनं मिटवलं. मग म्हणाले, "आता जमलं. पेशी लावली का?"

"लावली."

"टोपी-पट्टा?"

"काढला."

"सजा?"

"चौदा दिवस. क्वार्टर गार्ड."

"शाब्बास!" हवालदारसाहेबांनी नानांच्या पाठीवर अशी थाप मारली की छत्री पडली. आयुष्यात पहिल्यांदाच लष्करानं नानांना पास केलं होतं. त्या आनंदात त्यांनी ठरवलं की इथे घाई करायची नाही. शिक्षा मनावर ठसली पाहिजे, चौदाच्या चौदा दिवस सविस्तर यायला हवेत: पहारा, जेवण, भिंत, पश्चात्ताप. दर रविवारी एक दिवस. सध्या सहावा चालू आहे आणि अख्खी सोसायटी सरनौबताच्या सुटकेकडे डोळे लावून बसली आहे. एकटे हवालदारसाहेब खुशीत असतात. वाचन संपलं की उठतात, पँट झटकतात आणि शिल्लक दिवसांचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवतात.