लेकराचा अंगठा सोडवा, घरच्या घरी!

अभिनंदन! तुमचं लेकरू अडीच वर्षांचं झालं, अंगठा अजून तोंडात आहे, आणि शेजारच्या काकूंनी काल ओट्यावरूनच सुनावलं, "दात समोर येतीन वो बाई त्याचे!" आता हातावर हात ठेवून बसू नका. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ही सवय आपली आपण सोडून देतात. म्हणजे तुमच्या हाताशी वेळ फार थोडा आहे. सवय आधीच सुटली तर तुम्ही सोडवणार काय?

पुढची पद्धत चांदूर बाजारातल्या घराघरांत पारखलेली आहे. क्रम चुकवू नका.

1. शत्रूची पूर्वपीठिका समजून घ्या. हा अंगठा आईच्या पोटातच तोंडात जातो. सोनोग्राफीच्या खोलीत मुलगा की मुलगी हे डॉक्टर सांगत नाहीत, कायद्याने सांगता येत नाही. पण "हे बघा, अंगठा चोखतंय" एवढं मात्र हौसेने दाखवतात. तेव्हा तुम्ही "अय माय, कित्ती गोड!" म्हणाला होतात. ते विसरा.

2. देवघरातली तसबीर उतरवा. तीच, वडाच्या पानावर निजून पायाचा अंगठा चोखणाऱ्या बाळकृष्णाची. प्रलय झालाय, जग बुडालंय, मार्कंडेय ऋषी पाण्यात गटांगळ्या खातायत आणि हा निवांत. लेकरापुढे काय आदर्श राहणार? आजी तसबीर उतरवू देणार नाही, हे गृहीत धरा. मग निदान तसबिरीकडे पाठ करून रागवा.

3. लेप लावा. कडुनिंबाचा पाला वाटा, काळा बोळ उगाळा, नाहीतर कारल्याचा रस काढा. मिरचीच्या वाटेला जाऊ नका. झोपेत लेकरू तोच हात डोळ्याला लावतं, मग रात्री दोन वाजता सगळी आळी जागी होते, आणि अशा वेळी ते शांत कशाने होतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. कडू लेपाला पहिल्या दिवशी तोंड वाकडं होईल, दुसऱ्या दिवशी कमी होईल. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच वाटी घेऊन येईल, "आजी, लावून दे ना." खचू नका. अंगठ्याला पट्टी बांधा. पट्टी बांधताना दुसऱ्या हातालाही एक अंगठा असतो, हे नवशिक्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

4. धाक दाखवा. पोलीस, झोळीवाला बाबा, सुई टोचणारा डॉक्टर, जो हाताशी असेल तो. यात जर्मन लोक आपल्या बरेच पुढे. फ्रँकफुर्टच्या हाइनरिश हॉफमन नावाच्या डॉक्टरने मुलांसाठी एक पुस्तक काढलं, 1845 साली. त्यात अंगठा चोखणाऱ्या पोराकडे शिंपी भली मोठी कात्री घेऊन येतो आणि दोन्ही अंगठे छाटून जातो. चित्रांसकट! तुम्ही मात्र बाजारातल्या आपल्या शिंप्याचं नाव घेऊ नका, दिवाळीचे कपडे शिवून घ्यायचे आहेत. धाकाने लेकरू घाबरेल. घाबरलं की धीर शोधेल. तो कुठे शोधेल हे विचारू नका, पुढच्या पायरीकडे चला.

5. चिंधीचा बंदोबस्त करा. काही लेकरं अंगठ्यासोबत जोडधंदा ठेवतात: आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. एका हाताचा अंगठा तोंडात, दुसऱ्या हातात तो तुकडा, आणि त्याचा काठ नाकाखाली हळूहळू फिरतोय. मूळचा रंग हिरवा होता असं घरातली जुनी माणसं सांगतात. डोनाल्ड विनिकॉट नावाच्या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने 1951 साली यावर अख्खा निबंध वाचला. आई जवळ नसताना लेकरू या चिंधीच्या आधाराने तग धरतं, आणि तिला धुतलं तर वासासकट तो आधार तुटतो, म्हणून शहाण्या आया ती मळकीच राहू देतात, असं त्याचं म्हणणं. विनिकॉटच्या घरी पाहुणे येत नसावेत.

तुम्ही ती बहिरमच्या यात्रेत हरवा. हिवाळ्यात तिथे महिनाभर गर्दी असते, सोय चांगली. रोडगे होईस्तोवर लेकराला पाळण्यात बसवा आणि तुकडा हळूच चुलीमागे सारा. घरी आल्यावर रात्री दहाला विचारणा होईल, साडेदहाला रडणं, अकराला आजीचं, "कायले नेलं होतं थे तिकडे?" बाराला तुम्ही कानटोपी चढवून मोटरसायकलला किक माराल. मोबाइलच्या उजेडात राखेत हात घालून शोधताना कोणी भेटलंच तर अंगठी हरवली म्हणा. तुकडा सापडेल. आता त्याला मटणाच्या रश्शाचाही वास असेल, आणि तो लेकराला पहिल्यापेक्षा जास्त आवडेल.

6. पाहुण्यांपुढे उभं करा. "दाखव, दाखव काकांना अंगठा!" सगळे हसतील. लेकरू आईच्या पदरात तोंड लपवेल. आत काय चाललंय ते वाकून बघू नका.

7. अमरावतीला दातांच्या डॉक्टरकडे न्या. एसटीचे धक्के खा, नंबर लावा, दोन तास बसा. डॉक्टर म्हणतील, दुधाचे दात आहेत, इतक्यात काही करू नका. पक्के दात यायच्या सुमाराला सवय राहिलीच तर बघू. तोवर रागावू नका, अंगठा बाहेर दिसला की कौतुक करा. फी देऊन "काही करू नका" ऐकायचं? लगेच दुसरा डॉक्टर शोधा.

8. शेवटची बैठक रात्री जेवणानंतर घ्या. आई शेजारी बसेल, तिचा अंगठा मोबाइलवर वरखाली होत राहील, तो वेगळा. बापाने खर्ऱ्याची पन्नी हातावर नीट घोटावी, चिमूट गालात दाबावी, आणि लेकराच्या डोळ्यांत डोळे घालून बजावावं, "अंऊठा आढ आधी ओंडाऊन!"

लेकरू बराच वेळ बघत राहील. मग शिस्तीत अंगठा बाहेर काढेल आणि विचारेल, "काय म्हनून राह्यले बाबा?"

अंगठा बाहेर आला. वेळ लिहून ठेवा.